जड वजन उचलताना डोकं कुठं ठेवायचं

जिममध्ये कोणाचा स्क्वॉट मधेच अडकला की आजूबाजूचे सगळे एकच ओरडतात, फोकस कर भाई फोकस. आता फोकस कर म्हणजे नेमकं काय कर हे काही कोणी सांगत नाही, मग तो बिचारा दातओठ खातो, आरशात स्वतःकडंच रागानं बघतो, बेल्ट अजून एक भोक आत घेतो आणि परत तिथंच अडकतो. राग तेवढा वाढला, वजन होतं तिथंच.

हे लिहितोय ते अशा लोकांसाठी जे वर्षभर तरी वजन मारतायत, फॉर्म बऱ्यापैकी बसलाय, पण जड सेटला किंवा स्पर्धेत काहीतरी बिनसतं. स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बसून उठणं), बेंच (आडवं पडून छातीवरनं ढकलणं), डेडलिफ्ट (जमिनीवरनं उचलून उभं राहणं) मारणारे पॉवरलिफ्टिंगवाले असा, नाहीतर स्नॅच (बार एका दमात जमिनीवरनं डोक्यावर), क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) मारणारे वेटलिफ्टिंगवाले, दोघांनाही चालेल. आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. फोकस करायचा म्हणून लोक बारखाली जाऊन जास्त विचार करायला लागतात, तिथंच चुकतं. विचार सगळा बारला हात लावायच्या आधी उरकून घ्यायचा, हात लागला की डोक्यात एकच गोष्ट राहिली पाहिजे. दोन झाल्या की गडबड.

मीराबाईच्या चार स्पर्धा

2016 चं रिओ ऑलिम्पिक, 48 किलो वजनगट. मीराबाई चानूला सहा प्रयत्नांत एकच लिफ्ट लागली, स्नॅचची, 82 किलो. क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न गेले म्हणजे टोटलच (दोन्ही लिफ्टची बेरीज) लागली नाही, नंबरच नाही. आणि वजनं काय अशी नव्हती की जी तिनं आधी कधी उचललीच नव्हती. पुढच्याच वर्षी 2017 ला अमेरिकेत अनाहाइमला ती 194 किलो टोटल मारून वर्ल्ड चॅम्पियन झाली. मग टोकियो, 24 जुलै 2021, 49 किलो गट, स्नॅच 87, क्लीन अँड जर्क 115, टोटल 202 आणि सिल्व्हर.

आता यावरून लगेच "सगळं डोक्यातच असतं" असं स्टेटस टाकू नका. टोकियोच्या आधी तिला खांद्याचा आणि पाठीचा त्रास होता, त्यासाठी ती अमेरिकेत जाऊन ॲरन हॉर्शिग या फिजिओकडं काम करून आली. डोकं शांत राहायला आधी शरीरावर भरवसा लागतो आणि तो भरवसा काय मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघून येत नाही राव.

पण मला तिची सगळ्यात जास्त आवडणारी लिफ्ट टोकियोची नाहीच, पॅरिसची आहे. 2024 ला क्लीन अँड जर्कचा पहिलाच प्रयत्न, 111, गेला. रिओ डोक्यात यायला यापेक्षा सोपी वेळ कुठली असणार? ती परत आली आणि तेच 111 मारलं. नंतर 114 लागलं नाही, टोटल 199, चौथा नंबर, ब्राँझ एका किलोनं हुकलं. पदक नाही मिळालं, पण पहिला प्रयत्न गेल्यावर त्याच वजनाला परत येऊन उभं राहणं हे जे आहे ना ते आपल्यासारख्यांना पण शिकता येतं.

आधी एक ठरलेला क्रम बनवा

वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत नाव पुकारलं की 1 मिनिट मिळतं, लागोपाठ तुमचाच नंबर आला तर 2 मिनिटं, आणि 30 सेकंद उरले की बेल वाजते. पॉवरलिफ्टिंगमध्येही बार लोड झाल्याचं सांगितल्यावर एकच मिनिट. म्हणजे तुमचं सगळं कर्मकांड, चॉक (हात घसरू नयेत म्हणूनची पावडर) लावणं, श्वास, नमस्कार, जे काय असेल ते या मिनिटात बसलं पाहिजे. जिममध्ये आपल्याला कोणी घड्याळ लावत नाही म्हणून लोक बारपुढं पाच-पाच मिनिटं येरझाऱ्या घालतात आणि तेवढ्यात डोक्यात नको ते सगळं येऊन बसतं.

तर क्रम असा काहीतरी: बारपासून दोन पावलं लांब उभं राहायचं, चॉक लावायचं, तिथंच एकदा सावकाश श्वास सोडायचा आणि आजचा एक शब्द मनात म्हणायचा (शब्दाचं खाली सांगतो). मग चालत जायचं, पाय लावायचे, हात लावायचे, पोटात हवा भरून कडक व्हायचं आणि उचलायचं. क्रम प्रत्येकाचा वेगळा असू शकतो, कोणी आधी हात लावतो कोणी आधी पाय, त्यानं फरक पडत नाही. दर वेळेस तोच असला पाहिजे एवढंच. आणि हात लावल्यापासून बार जमिनीवरनं सुटेपर्यंत फार वेळ घालवायचा नाही. डेडलिफ्टला खाली वाकून दहा-दहा सेकंद बसून राहणारे लोक मी बघतो, पाय तिथंच अर्धे थकतात आणि त्या दहा सेकंदात माणूस स्वतःशी वाद घालत बसतो, जाईल का नाही, मागच्या वेळी गेलं नव्हतं, वगैरे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा क्रम रिकाम्या 20 किलोच्या रॉडला पण तसाच करायचा. बहुतेकांचं काय होतं, वॉर्मअप गप्पा मारत मारत, मान वळवून मित्राला काहीतरी सांगत, आणि शेवटच्या जड सेटला एकदम गंभीर चेहरा. मग तो सेट शरीराला परका वाटणारच, कारण त्याच्या आधीचं काहीच त्याच्यासारखं नव्हतं. 60 ला जसं उभं राहता तसंच 140 ला उभं राहता आलं तर निम्मं काम झालं. कंटाळवाणं आहे, मान्य, पण मोठे लिफ्टर बघा, वॉर्मअपला आणि मेन लिफ्टला बारजवळ जायची त्यांची चाल सुद्धा सारखी असते.

नजर

हे लवकर होतं आणि फुकट आहे म्हणून आधी हेच करा. समोर भिंतीवर एक ठिकाण ठरवा, डाग, खिळा, पोस्टरचा कोपरा, काहीही, आणि लिफ्ट संपेपर्यंत नजर तिथंच. स्नॅच आणि क्लीनला साधारण समोर किंवा किंचित वर, डेडलिफ्टला समोर काही फुटांवर जमिनीवर, स्क्वॉटला ज्याचं त्याचं. नजर हलली की मान हलते आणि मान हलली की पाठ हलायला वेळ लागत नाही.

आरसा हा यात मोठा शत्रू आहे. हलक्या सेटला फॉर्म बघायला ठीक आहे, पण जड स्क्वॉटला आरशात बघत खाली गेलात की मागून जाणारी पोरं, ट्रेडमिलवरचे काका, स्वतःचे वाकडे गुडघे, सगळं दिसतं. रॅक फिरवता येत असेल तर आरशाकडं पाठ करा आणि फॉर्म बघायचाच असेल तर बाजूनं मोबाईलवर शूट करून सेट झाल्यावर बघा.

एक शब्द, आणि तो शरीराच्या बाहेरचा

इथं जरा जास्त वेळ घालवतो कारण सगळ्यात जास्त फायदा इथंच आहे.

जड लिफ्टच्या वेळी लक्ष कशावर ठेवायचं याचे दोन प्रकार पडतात. एक म्हणजे स्वतःच्या शरीरावर, गुडघे बाहेर काढ, छाती वर, ग्लूट्स (कुल्ले) आवळ. दुसरं म्हणजे बाहेरच्या गोष्टीवर, जमीन ढकल, बार छताला मार. गॅब्रिएल वुल्फ या संशोधक बाईंनी नव्वदच्या दशकापासून यावर भरपूर काम केलंय आणि एकूण निघालंय ते असं की ताकद किंवा कौशल्य दाखवायची वेळ आली की बाहेर लक्ष ठेवणारे सरस ठरतात. कारण असं सांगतात की शरीराच्या एकेका भागाकडं मुद्दाम लक्ष दिलं की जी हालचाल आपोआप व्हायची तिच्यात आपण लुडबुड करायला लागतो. जिना उतरताना आता कुठला गुडघा वाकवायचा याचा विचार करून बघा, हमखास अडखळाल.

म्हणून शब्द असे निवडा. डेडलिफ्टला "जमीन ढकल". स्क्वॉटला वर येताना "बार छताला". बेंचला "बार वाकव", म्हणजे दोन्ही हातांनी रॉड मोडायचाय असं समजून खाली आणायचा, खांदे आपोआप जागेवर बसतात. स्नॅचमध्ये ज्यांचा बार पुढं पळतो त्यांनी "बार जवळ". जर्कला जे पुढं झुकतात त्यांनी "सरळ खाली, सरळ वर". हे काही मंत्र नाहीत, तुमची चूक जी असेल त्याप्रमाणं बदलायचे. पण सेटच्या मधे बदलायचा नाही आणि एका लिफ्टला एकच. महिनाभर तोच शब्द ठेवला तरी बिघडत नाही.

कोच असाल किंवा मित्राला स्पॉट करत असाल तर तुम्हालाही हेच लागू आहे. पोरगा बारखाली अडकलाय आणि तुम्ही गुडघे, छाती, टाचा, श्वास, खाली बघू नको असं सगळं एका दमात ओरडताय, तो काय काय ऐकणार? जुन्या तालमीतले वस्ताद कुस्ती चालू असताना एखादा शब्द टाकायचे आणि पैलवानाला बरोबर कळायचं काय ते. सेटच्या आधीच ठरवून घ्या की ओरडणार कोण आणि काय, बाकीच्यांनी गप्प बसायचं.

मनातल्या बडबडीचं पण तसंच. "पडायचं नाही, पाठ वाकवायची नाही, मागच्यासारखं करायचं नाही" असलं नकारात्मक बोलायचं टाळा. 1987 मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रसिद्ध प्रयोग झाला होता, लोकांना सांगितलं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि लोकांच्या डोक्यात अस्वल येतच राहिलं. पाठ वाकवायची नाही म्हटलं की पाठ वाकलेलीच दिसते. त्यापेक्षा काय करायचंय ते बोला.

आता याला एक अपवाद आहे आणि तो बॉडीबिल्डिंगवाल्यांना आवडेल. वजन किती उचललं याला महत्त्व नसून स्नायू वाढवायचाय तर स्नायूवर लक्ष देणं कामाचं असू शकतं. 2018 मध्ये ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 8 आठवड्यांचा अभ्यास केला, त्यात स्नायू आवळण्यावर लक्ष देणाऱ्यांचा बायसेपचा भाग 12.4 टक्के वाढला आणि वजन वर नेण्यावर लक्ष देणाऱ्यांचा 6.9 टक्के. मांडीच्या बाबतीत मात्र असा ठळक फरक दिसला नाही. आणि 2016 च्या एका बेंच प्रेसच्या अभ्यासात दिसलं होतं की छातीवर किंवा ट्रायसेप्सवर लक्ष देऊन तो स्नायू जास्त कामाला लावणं कमाल वजनाच्या 60 टक्क्यांपर्यंत जमतं, 80 टक्क्यांना नाही. म्हणजे कर्ल मारताना खुशाल बायसेपशी गप्पा मारा, 90 टक्क्यांच्या स्क्वॉटला नको.

जोश किती चढवायचा

कानात जोरात गाणं, गालावर थपडा, अमोनिया हुंगणं, ओरडणं, डोकं रॉडला आपटणं, हे सगळं लोक फोकस समजतात. याला जोश म्हणा, फोकस वेगळा. जोशाचा उपयोग नाही असं मी म्हणत नाहीये, 1961 मध्ये इकाई आणि स्टाइनहाउस यांनी प्रयोग करून दाखवलं होतं की जोर लावताना माणूस ओरडला किंवा जवळ पिस्तुलाचा बार काढला तर तो त्याच्या नेहमीच्या कमाल ताकदीपेक्षा जास्त जोर लावतो. म्हणजे आपण एरवी थोडी ताकद राखूनच असतो. पण किती जोश पुरे हे लिफ्टवर ठरतं.

डेडलिफ्टला बऱ्यापैकी राग चालतो, कारण हालचाल सोपी आहे. बेंचला थोडा कमी. स्नॅचला अंगात भूत आल्यासारखं गेलात तर बार डोक्यावर जायच्या ऐवजी डोक्याच्या मागं जाईल, तिथं वेळ साधायची असते. यर्क्स आणि डॉडसन यांनी 1908 मध्येच उंदरांवर प्रयोग करून हे मांडलंय, काम जितकं अवघड तितकी उत्तेजना कमी पाहिजे. स्वतःला 1 ते 10 मध्ये मार्क द्या, झोप येतीये म्हणजे 1, हात थरथरतायत म्हणजे 10. डेडलिफ्टच्या पीआरला (स्वतःच्या सगळ्यात जड लिफ्टला) 8 चालेल, स्नॅचला 5-6 च्या वर जाऊ नका. जास्त वाटलं तर आत घेण्यापेक्षा सोडायचा श्वास लांब करा, नाकानं चार मोजत आत, तोंडानं सहा-आठ मोजत बाहेर, असं चार-पाच वेळा. कमी वाटलं तर दोन उड्या, जोरात टाळी, बस.

अमोनियाबद्दल थोडक्यात, त्यानं माणूस दचकून जागा होतो हे खरं, पण त्यानं कमाल ताकद वाढल्याचं अभ्यासांत काही ठोस दिसलेलं नाहीये. दर मंगळवारी हुंगायची ती गोष्ट नाही. आणि रोजच्या ट्रेनिंगमध्ये प्रत्येक सेटला जोश चढवणाऱ्यांनी जरा जपून, आठवड्यात चार दिवस असं केलं की माणूस पिळून निघतो आणि मग खऱ्या स्पर्धेला चढवायला काही उरत नाही. माझ्या मते महिन्यातनं एखादा दिवस सोडला तर थंड डोक्यानं जे वजन जातं तेच ट्रेनिंगचं वजन.

मोबाईल आणि ऑफिसचं डोकं

दोन जड सेटमध्ये 3 ते 5 मिनिटं विश्रांती घ्यायची असते आणि ती मिनिटं रील्स खातात. एक रील हसायची, एक कोणाच्या तरी अपघाताची, मधेच बॉसचा मेसेज की तो एक्सेल बघितलास का, आणि यातनं उठून तुम्ही 120 खाली जाणार. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, गाणी आधी डाऊनलोड करून ठेवा, वेळ बघायला साधं घड्याळ वापरा. विश्रांतीचं पहिलं मिनिट काहीही करा, पाणी प्या, कोणाशी बोला. शेवटचं मिनिट मात्र गप्प. मित्रांना एकदा सांगून ठेवलं की वाईट वाटत नाही.

दिवसभर डोक्याचं काम करून आलेल्यांसाठी एक गोष्ट माहिती असलेली बरी. डोकं थकलं तर एका रेपच्या (म्हणजे एकदाच उचलायच्या) कमाल ताकदीवर फारसा परिणाम होत नाही असंच बहुतेक संशोधन सांगतं, पण दम लागणारी कामं, म्हणजे जास्त रेप्सचे सेट, लांबणारं ट्रेनिंग, ते सगळं आधीच नको वाटायला लागतं आणि माणूस लवकर सोडून देतो. म्हणून हिंजवडीवरनं दीड तास ट्रॅफिकमध्ये बसून आल्यावर 5 बाय 10 (5 सेट, प्रत्येकी 10 रेप्स) स्क्वॉट जमला नाही तर ताकद गेली असं समजू नका. अशा दिवशी थोडे जड, कमी रेप्सचे सेट मारून मोकळं व्हा, लांबलचक वर्कआउट शनिवार-रविवारी. कॉफीनं मदत होते, संशोधनात साधारण किलोमागं 3 ते 6 मिलिग्रॅम कॅफिन वापरतात, पण रात्री आठच्या ट्रेनिंगआधी एवढं घेतलं तर झोप गेलीच समजा, आणि झोप गेली की उद्याचा फोकस पण गेला.

डोळे मिटून लिफ्ट मारणं

हे ऐकायला बाबा-बुवांसारखं वाटतं पण यामागं चांगलं काम झालेलं आहे. 1992 मध्ये यू आणि कोल या दोघांनी लोकांकडनं करंगळीच्या स्नायूचा व्यायाम करून घेतला, एका गटाकडनं खरा आणि दुसऱ्याकडनं फक्त मनात. खरा व्यायाम करणाऱ्यांची ताकद 30 टक्के वाढली आणि नुसती कल्पना करणाऱ्यांची 22 टक्के. करंगळी आणि स्क्वॉट यात फरक आहे हे उघड आहे, घरी सोफ्यावर बसून कोणी 200 मारायला लागणार नाही. पण मेंदूकडनं स्नायूला जाणारा आदेश सरावानं सुधारतो एवढं त्यातनं घ्यायला हरकत नाही.

करायचं कसं ते नीट करा, कारण बरेच जण इथं फक्त स्वप्नरंजन करतात, मेडल, टाळ्या, इन्स्टावर व्हिडिओ. तसं नाही. स्वतःच्या डोळ्यातनं बघायचं, बाहेरनं व्हिडिओ बघतोय असं नाही. वेळ खऱ्याइतकाच घ्यायचा, स्क्वॉटला चार सेकंद लागत असतील तर चारच. चॉकचा कोरडेपणा, रॉडची खरखर, पाठीवरचा दाब, पोट कडक होणं, सगळं जाणवलं पाहिजे. आणि लिफ्ट पिसासारखी हलकी वर गेली असं कशाला बघायचं, जिथं तुम्ही नेहमी अडकता तिथं ती मंद झाली आणि तुम्ही तुमचा शब्द धरून जोर चालू ठेवला आणि गेली, असं बघा. खरी लिफ्ट तशीच असते. तीन ते पाच वेळा, जड सेटच्या आधीच्या विश्रांतीत किंवा दुपारी कधीतरी. रात्री गादीवर पडून करू नका, छाती धडधडायला लागते आणि बारा वाजेपर्यंत टक्क जागे.

वजन पडलं तर

पडणार. सगळ्यांचं पडतं. पडल्यावर पहिली दोन मिनिटं काय करता यावर पुढचा प्रयत्न ठरतो. शिवी घालायची तर घाला, एक. बेल्ट फेकू नका, जिमचा असतो. मग बसा आणि एकच प्रश्न विचारा, काय झालं? उत्तर हालचालीत पाहिजे, स्वभावात नको. "बार पुढं गेला" हे उत्तर झालं, "माझ्यात दमच नाही" याच्यावर पुढं काही करताच येत नाही. बार पुढं गेला तर पुढच्या प्रयत्नाचा शब्द "बार जवळ". झालं, आता त्या लिफ्टचा विषय बंद. कारण सापडलंच नाही तर तोच नेहमीचा शब्द घेऊन परत जा, नवीन काही शोधत बसू नका.

ट्रेनिंगमध्ये एकच वजन दोनदा पडलं तर त्या दिवशी तिसऱ्यांदा मारू नका. 10 टक्के कमी करा, स्वच्छ दोन-तीन सिंगल (एकेकच रेप) मारा आणि त्यावर दिवस संपवा. लिफ्ट पडण्याचाही सराव होतो, तो कशाला करायचा? आणि भीतीनं लिफ्ट जात असेल तर भीतीचं कारण आधी काढा. स्क्वॉट रॅकचे सेफ्टी रॉड बरोबर उंचीवर आहेत का, बेंचला स्पॉटर आहे का, बार टाकायचा कसा हे शिकलात का. छातीवर बार अडकेल ही शंका असताना कसला फोकस होतोय, ती शंका खरीच असते.

स्पर्धेचा दिवस

दोन दिवस आधी सहाही प्रयत्नांची वजनं लिहून काढा, पॉवरलिफ्टिंगला नऊ. पहिला प्रयत्न असा ठेवा जो ताप असताना, झोप झाली नसताना पण जाईल. पहिली लिफ्ट लागली की डोकं निम्मं हलकं होतं. बाकीचा हिशोब कोचवर किंवा ज्याच्यावर विश्वास आहे अशा मित्रावर सोडा. समोरच्यानं काय डिक्लेअर केलं, आपण 1 किलो वाढवायचं का, नंबर किती लिफ्टनंतर येणार, हे मोजत बसलात तर वॉर्मअप चुकणारच. वडगाव मावळची हर्षदा गरुड 2022 मध्ये ग्रीसला हेराक्लिऑनमध्ये ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियन झाली, 45 किलो गटात, भारताची पहिलीच. तिचा स्नॅच 70, क्लीन अँड जर्क 83. तुर्कीच्या मुलीनं क्लीन अँड जर्क 85 मारलं तरी टोटलला हर्षदाच पुढं, 153 विरुद्ध 150. असली गणितं कागदावर कोणीतरी धरून बसलेला बरा, लिफ्टरनं फक्त पुढची लिफ्ट.

स्नॅच आणि क्लीन अँड जर्कच्या मधे साधारण 10 मिनिटांचा ब्रेक असतो, त्यात स्नॅचचं रडगाणं संपवून टाका. काहीतरी गोड खा, दोन घोट पाणी, आणि क्लीनचा शब्द काढा. पॉवरलिफ्टिंगवाल्यांनी रेफरीच्या कमांडचा सराव आठवडाभर तरी आधी करा, बेंचला "प्रेस" ऐकायच्या आधी बार सुटला आणि "रॅक" ऐकायच्या आधी स्टँडला लावला की लिफ्ट रद्द. ताकद असून लाल दिवे मिळणं यासारखं चिडचिड करणारं दुसरं काही नाही. घरच्यांना बोलवायचं का नाही हे पण आधी ठरवा. आई समोर बसली की काहींना जोर येतो, काहींचे हात गार पडतात, तुम्ही कुठले ते तुम्हालाच माहिती.

जिथं फोकसचा काही उपयोग नाही

दुखणं. तीक्ष्ण कळ, सांध्यात झिणझिण्या, पाठीत काहीतरी सटकल्यासारखं, याच्यावर लक्ष "वळवून" लिफ्ट मारायची नसते. सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरचं 2022 चं बर्मिंगहम कॉमनवेल्थ आठवत असेल, 55 किलो गट, स्नॅच 113 आणि क्लीन अँड जर्क 135, टोटल 248. मग 139 च्या प्रयत्नात कोपर गेलं, तरी तो शेवटच्या प्रयत्नाला परत उतरला, तोही लागला नाही आणि मलेशियाच्या लिफ्टरनं 249 करून एका किलोनं गोल्ड नेलं. कॉमनवेल्थच्या फायनलला, सोनं एका लिफ्टवर असताना, असा निर्णय घ्यायचा हक्क खेळाडूला आहे आणि त्याबद्दल त्याला सलाम. आपण गुरुवारी संध्याकाळी फी भरलेल्या जिममध्ये 100 चा बेंच मारतोय. खांद्यात कळ आली की प्लेटा काढायच्या आणि घरी जायचं.

बाकी झोप चार तास, पोटात सकाळपासून दोन वडापाव, तीन आठवडे ट्रेनिंगला दांडी, हे असेल तर वरचं काहीच चालणार नाही, तिथं आधी ते दुरुस्त करा.

सुरुवात करायची तर सगळं एकदम करू नका. या आठवड्यात एकच लिफ्ट निवडा, नजर आणि क्रम, एवढंच, रिकाम्या रॉडपासून. पुढच्या आठवड्यात शब्द घाला. डायरीत वजन-रेप्स लिहिताच ना, त्याच्या बाजूला जड सेटपुढं दोन गोष्टी लिहा, नजर कुठं होती आणि डोक्यात काय होतं. पहिले काही दिवस "माहिती नाही" असंच लिहावं लागेल, तसंच लिहा. डोळे मिटून करायचं प्रकरण आणि जोशाचे मार्क वगैरे महिन्याभरानं, तोपर्यंत डायरीत स्वतःलाच दिसायला लागेल की कुठल्या लिफ्टला तुमचं डोकं पळतं.